डेमोक्रॅटिक प्रायमरीतली दुफळी कशी वाचावी

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वर्ष उजाडले की पक्षाचा उमेदवार ठरवणारे राज्याराज्यांतले मतदान, म्हणजे प्रायमरी, सुरू होते आणि फेब्रुवारीपासूनच डेमोक्रॅटिक पक्षातल्या ‘उभ्या फुटी’च्या बातम्या मराठीतही येऊ लागतात. २००८ साली त्या हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्याविषयी होत्या, २०१६ साली क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्याविषयी, २०२० साली सँडर्स आणि जो बायडेन यांच्याविषयी. शब्द दर वेळी तोच असला तरी तिन्ही वेळा भेग वेगळ्या जागेवरून गेली होती. ती नेमकी कुठून गेली हे निकालाच्या आकड्यांवरून घरबसल्या काढता येते. त्यासाठी राज्यशास्त्राची पदवी लागत नाही, शाळेतली टक्केवारी आणि त्रैराशिक पुरते. मी प्रत्येक राज्यासाठी एक आडवा कागद घेतो आणि त्यावर चार रकाने आखतो: नियम, वय, वंश आणि विचार. क्रमही हाच ठेवतो, कारण पहिल्या तीन रकान्यांत ज्याचा उलगडा होतो ते चौथ्यात ढकलण्याची चूकच सर्वाधिक होते. पाचवा रकाना कागदाच्या उजव्या कडेला कोरा राहतो; त्याविषयी शेवटी सांगेन.

कागद आखण्याआधी शब्द

‘लिबरल’ला आपण उदारमतवादी म्हणतो आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. आपल्याकडे १९९१ नंतर ‘उदारीकरण’ म्हणजे सरकारने बाजारातून अंग काढून घेणे असा अर्थ रुळला आहे. अमेरिकेतला लिबरल मतदार मात्र आरोग्यविमा, किमान वेतन आणि शिक्षण यांत सरकारने अधिक हात घालावा असे म्हणणारा असतो. दुसरी अडचण आपल्या इतिहासाची आहे. उदारमतवादी म्हटले की रानडे-गोखले आठवतात, आणि मग सँडर्स यांना जहाल व बायडेन यांना मवाळ ठरवून आपण मोकळे होतो. ही तुलना सोयीची आहे, मीही ती पुष्कळ दिवस वापरली. परंतु १९०७ साली सुरतेला तुटलेले जहाल आणि मवाळ पुन्हा एकत्र आले ते १९१६ च्या लखनौ अधिवेशनात. प्रायमरीतले दोन गट मात्र त्याच उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनात एका मांडवाखाली बसतात आणि नोव्हेंबरात त्यांतले बहुतेक जण एकाच नावासमोर खूण करतात. शिवाय सुरतेचा वाद पुढाऱ्यांचा आणि कार्यकर्त्यांचा होता. प्रायमरीतली फूट कोट्यवधी मतदारांची असते आणि त्यांतल्या अनेकांनी स्वतःला कोणताच शिक्का लावून घेतलेला नसतो. म्हणून ‘डावा’ आणि ‘मध्यममार्गी’ हे शब्द लिहायचेच असतील तर ते उमेदवारांच्या नावांपुढे लिहावेत. मतदारांपुढे लिहिण्याची घाई करू नये.

पहिला रकाना: नियम

सर्वांत जास्त वेळ या रकान्याला द्यावा. यात तीन गोष्टी नोंदवायच्या असतात: मत कोणाला देता येते, मतदान प्रायमरीने होते की कॉकसने, आणि मतांचे प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे सदस्य, कसे होतात.

मताधिकाराचे नियम राज्यागणिक बदलतात. काही राज्यांत कोणताही नोंदणीकृत मतदार हव्या त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो, तर काही राज्यांत त्या पक्षाकडे आधी नाव नोंदवलेले असावेच लागते. न्यूयॉर्क हे दुसऱ्या प्रकारचे, आणि २०१६ साली तिथला नियम विशेष कडक होता. प्रायमरी १९ एप्रिलला होती, पण आधीपासून मतदार असलेल्याला पक्ष बदलायचा असेल तर मुदत ९ ऑक्टोबर २०१५ रोजीच संपली होती. त्या तारखेला बहुतेक लोकांनी प्रायमरीचा विचारही सुरू केलेला नसतो. पलीकडच्या पक्षात तर डोनाल्ड ट्रम्प यांची मुले इव्हांका आणि एरिक यांनाही ही मुदत चुकल्यामुळे स्वतःच्या वडिलांना मत देता आले नाही. सँडर्स यांचा जोर कोणत्याही पक्षाशी न बांधलेल्या मतदारांत होता आणि तो मतदार न्यूयॉर्कमध्ये दाराबाहेरच राहिला. क्लिंटन यांना तिथे सुमारे ५८ टक्के मते मिळाली. ही मते खरीच होती, परंतु त्यांवरून न्यूयॉर्कच्या सगळ्या उदारमतवाद्यांचा कल सांगणे म्हणजे लग्नाला आलेल्यांची मोजदाद करून गावाची लोकसंख्या सांगण्यासारखे आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि अमेरिकेचे नागरिक झालेल्या मराठी वाचकांसाठी इथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. तिथे ज्याची कोणत्याच पक्षाकडे नोंद नाही, त्याला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून मत देता येते. एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे जायचे असेल तर मात्र प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. एरवी प्रायमरी जूनमध्ये असते, म्हणजे हा अर्ज एप्रिलमध्येच जायला हवा.

आता प्रायमरी आणि कॉकस यांतला फरक. प्रायमरीत मतदार दिवसभरात केव्हाही येऊन मत टाकून जातो. कॉकसमध्ये ठरलेल्या वेळी सभेला जाऊन तासन्‌तास बसावे लागते. रात्रपाळीचा कामगार आणि तान्ह्या मुलाची आई इथे गळतात, उत्साही कार्यकर्ता टिकतो. ५ फेब्रुवारी २००८ या एकाच दिवसाची दोन राज्ये शेजारी ठेवली की याचा परिणाम लख्ख दिसतो. न्यू जर्सीच्या प्रायमरीत अकरा लाखांहून अधिक लोकांनी मत दिले आणि क्लिंटन एक लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या. प्रतिनिधींची वाटणी झाली ५९ विरुद्ध ४८, म्हणजे क्लिंटन यांना ११ ची आघाडी. आयडाहोच्या कॉकसला जेमतेम एकवीस हजार लोक आले. त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी ओबामांना कौल दिला आणि वाटणी झाली १५ विरुद्ध ३, म्हणजे ओबामांना १२ ची आघाडी. एक लाखाची आघाडी सुमारे तेरा हजारांच्या आघाडीपुढे फिकी पडली. ओबामांच्या चमूने नियमांचे पुस्तक वाचले होते आणि क्लिंटन यांच्या चमूने मोठ्या राज्यांवर भिस्त ठेवली होती, एवढाच याचा अर्थ आहे.

तिसरी गोष्ट पंधरा टक्क्यांची. डेमोक्रॅटिक पक्षात पहिल्या आलेल्या उमेदवाराला सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत, ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. मात्र १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्याला काहीच मिळत नाही. २०२० च्या न्यू हॅम्पशायरचे गणित एकदा हाताने करून पाहावे. सँडर्स यांना सुमारे २६ टक्के, पीट बुटिजेज यांना २४ आणि एमी क्लोबुचर यांना २० टक्के मते मिळाली. एलिझाबेथ वॉरन ९ वर आणि बायडेन ८ वर थांबले. पहिल्या तिघांची बेरीज ७०. उरलेल्या ३० टक्के मतांना एकही प्रतिनिधी मिळाला नाही आणि राज्याचे २४ प्रतिनिधी या तिघांत ९, ९ आणि ६ असे वाटले गेले. सँडर्स यांना पाव मतांवर सदतीस टक्क्यांहून अधिक प्रतिनिधी मिळाले. मते अनेकांत विखुरलेली असताना जो थोडा पुढे असतो त्याला हा नियम असा फुगवतो, आणि वर्तमानपत्रांत त्या फुगवट्यालाच लाट म्हटले जाते.

ही मर्यादा दोनदा लागू होते, एकदा संपूर्ण राज्याला आणि एकदा अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रत्येक मतदारसंघाला, हे अनेकांच्या नजरेतून सुटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनमध्ये गाझातील युद्धाबाबतच्या बायडेन यांच्या धोरणाचा निषेध म्हणून लाखभर मतदारांनी मतपत्रिकेवरच्या ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘कोणालाही बांधील नाही’, या पर्यायावर खूण केली. राज्यभरात हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. ते पंधराच्या आत असल्यामुळे हाती काहीच लागायला नको होते, तरी या पर्यायाला दोन प्रतिनिधी मिळाले, कारण डिअरबॉर्न आणि अ‍ॅन आर्बर या शहरांच्या मतदारसंघांत त्याने १५ टक्के ओलांडले होते. दोन्ही शहरांना वेगळे कारण आहे: डिअरबॉर्नमध्ये अरब-अमेरिकन वस्ती मोठी आहे, अ‍ॅन आर्बर हे विद्यापीठाचे गाव आहे. फूट शोधायची असेल तर राज्याच्या बेरजेवर न थांबता मतदारसंघापर्यंत उतरावे लागते ते यासाठी.

दुसरा आणि तिसरा रकाना: वय आणि वंश

हे आकडे एक्झिट पोलमधून मिळतात. त्याबाबत एकच पथ्य आहे: मतदानाच्या रात्री दिसणारे आकडे प्रत्यक्ष निकालाशी जुळवून नंतर बदलले जातात, म्हणून हे दोन रकाने दुसऱ्या दिवशी भरावेत.

२०१६ साली वयाचा रकाना इतका बोलका होता की बाकीचे झाकून ठेवले तरी चालले असते. तिशीच्या आतल्या दर दहा मतदारांपैकी सुमारे सात सँडर्स यांच्याकडे होते आणि पासष्टीच्या पुढे चित्र जवळजवळ उलटे होते. हा वाद एकाच घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसलेला होता. शिक्षणकर्ज डोक्यावर घेऊन २००८ च्या मंदीनंतर नोकरी शोधणारी मुलगी आणि नव्वदच्या दशकात बिल क्लिंटन यांच्या राजवटीत घर घेतलेले वडील यांचे पक्षाविषयीचे अनुभवच वेगळे होते. मुलगी डावी आणि वडील मध्यममार्गी असे म्हटले तर ते चुकीचे नाही, पण त्यातून फारसे काही कळतही नाही.

वंशाचा रकाना भरताना आधी राज्यांचा क्रम पाहावा. २०२० पर्यंत पहिला कॉकस आयोवात आणि पहिली प्रायमरी न्यू हॅम्पशायरमध्ये होत असे, आणि या दोन्ही राज्यांतले सुमारे नव्वद टक्के डेमोक्रॅटिक मतदार गोरे होते. साउथ कॅरोलायना त्यांच्या मागून येत असे, जिथे निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते. २०१६ साली न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स यांनी क्लिंटन यांना वीसहून अधिक टक्क्यांनी हरवले आणि अठरा दिवसांनी साउथ कॅरोलायनात क्लिंटन यांनी त्यांना सत्तेचाळीस टक्क्यांनी हरवले. तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांपैकी ८६ टक्के क्लिंटन यांच्या बाजूने होते. २०२० साली बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आणि नेवाडात दुसरे आले होते. मग २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा दिला, २९ ला बायडेन तिथे जवळजवळ ४९ टक्के मते मिळवून जिंकले, १ आणि २ मार्चला बुटिजेज आणि क्लोबुचर शर्यतीतून बाहेर पडून त्यांच्या बाजूला आले, आणि चौदा राज्यांत एकाच दिवशी मतदान झाले त्या ३ मार्चच्या ‘सुपर ट्यूसडे’ला त्यांपैकी दहा राज्ये बायडेन यांनी घेतली. पहिल्या तीन राज्यांवरून ज्यांनी निकाल लिहून टाकला होता त्यांना सहा दिवसांत तो खोडावा लागला.

इथे चौथ्या रकान्यात ‘कृष्णवर्णीय मतदार मध्यममार्गी’ असे लिहायचा मोह होतो, आणि तो आवरावा. स्वतःला मध्यममार्गी म्हणवणारे अनेक कृष्णवर्णीय मतदार आरोग्यविमा आणि किमान वेतन यांबाबत सरकारने अधिक करावे असेच सांगतात. दक्षिणेतल्या वयस्क मतदाराचा हिशेब माझ्या मते वेगळा असतो: नोव्हेंबरात हरलो तर त्याची किंमत आधी आपल्याला मोजावी लागते, म्हणून ओळखीचा आणि जिंकू शकेल असा माणूस निवडावा. हा हिशेब सावधपणाचा आहे. त्याला विचारसरणीचे नाव देणे मला पटत नाही. वयाचा रकाना इथेही आपला हक्क सोडत नाही, कारण तरुण कृष्णवर्णीय मतदारांत क्लिंटन आणि सँडर्स यांच्यातले अंतर पुष्कळ कमी होते. नेवाडातल्या लॅटिनो मतदारांनी २०२० साली सँडर्स यांना भरभरून मते दिली. ‘अल्पसंख्य मतदार’ असा एकच ढीग केला की हे सगळे त्यात बुडून जाते.

चौथा रकाना आणि बेरजेचा मोह

आता विचारांकडे येऊ. डाव्या उमेदवारांची मते एका बाजूला, मध्यममार्गी उमेदवारांची दुसऱ्या बाजूला, आणि खाली बेरीज, हा चित्रवाहिन्यांचा आवडता खेळ आहे. २०२० च्या मॅसॅच्युसेट्समध्ये बायडेन यांना सुमारे ३३ टक्के, सँडर्स यांना २७ आणि स्वतःच्याच राज्यात तिसऱ्या आलेल्या वॉरन यांना २१ टक्के मते मिळाली. सत्तावीस आणि एकवीस अठ्ठेचाळीस, म्हणजे वॉरन यांनी माघार घेतली असती तर सँडर्स जिंकले असते, असे त्यांचे समर्थक आजही सांगतात. यात गृहीत असे धरले जाते की वॉरन यांच्या प्रत्येक मतदाराची दुसरी पसंती सँडर्स होते. वॉरन यांच्याकडे उच्चशिक्षित गोऱ्या स्त्रियांची मते मोठ्या प्रमाणात होती आणि त्यांची दुसरी पसंती अनेक ठिकाणी वाटली गेलेली होती. त्याच काळातल्या पाहण्यांत बायडेन यांच्या पुष्कळ समर्थकांनी दुसऱ्या पसंतीला सँडर्स यांचे नाव सांगितले होते, जे या दोन कप्प्यांच्या हिशेबात बसतच नाही.

दुसरी पसंती पाहण्याची संधी क्वचित मिळते आणि २०२० च्या आयोवाने ती दिली होती. निकाल कळवण्याचे अ‍ॅप त्या रात्री कोसळले आणि सगळे लक्ष त्या फजितीकडे गेले, त्यामुळे आकड्यांतली गंमत पाहायला कोणी थांबले नाही. शाळेच्या सभागृहात प्रत्येक मतदाराच्या हाती एक कार्ड दिलेले होते. कार्डाच्या एका बाजूला पहिली पसंती लिहायची. त्या केंद्रावर आपला गट पुरेसा मोठा ठरला तर तिथेच थांबायचे, नाही तर उठून दुसऱ्या गटात जायचे आणि कार्डाच्या मागच्या बाजूला ते नाव लिहायचे. पक्षाने दोन्ही बाजूंची मोजणी त्या वर्षी पहिल्यांदा जाहीर केली. सँडर्स सुमारे ४३,६०० वरून ४५,७०० वर गेले, म्हणजे दोन हजारांची भर. बुटिजेज ३७,६०० वरून ४३,२०० वर गेले, म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक. सँडर्स यांचा गाभा सर्वांत मोठा होता, परंतु दुसऱ्यांच्या गटातून उठलेली माणसे त्यांच्याकडे कमी येत होती, हे ३ फेब्रुवारीलाच कार्डांच्या मागच्या बाजूवर लिहिलेले होते.

बेरजेचा सराव करायला आपल्याला जवळचे एक उदाहरण आहे, अर्थात ते अध्यक्षपदाचे नाही. बेळगावात वाढलेले आणि आज डेट्रॉइटमधून अमेरिकी काँग्रेसवर असलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले होते. ग्रेचेन व्हिटमर यांना ५२ टक्के, सँडर्स यांचा पाठिंबा असलेले अब्दुल एल-सय्यद यांना ३० आणि ठाणेदार यांना सुमारे १८ टक्के मते मिळाली. दोन्ही पराभूत उमेदवार स्वतःला पुरोगामी म्हणवत होते, त्यामुळे पुरोगामी मते फुटली अशी हळहळ व्यक्त झाली. तीस आणि अठरा अठ्ठेचाळीसच होतात. फूट होती हे खरे, पण तिच्यामुळे निकाल फिरला असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही, आणि हा फरक लिहिण्यासाठी मी चौथ्या रकान्यात मुद्दाम थोडी जागा मोकळी ठेवतो.

या रकान्याची शेवटची चाचणी म्हणजे मागच्या प्रायमरीचा नकाशा शेजारी ठेवणे. वेस्ट व्हर्जिनिया हे त्यासाठी उत्तम राज्य आहे. २००८ साली ओबामांविरुद्ध क्लिंटन यांनी तिथल्या ५५ च्या ५५ काउंट्या, म्हणजे जिल्हे, जिंकल्या. २०१६ साली त्याच क्लिंटन यांच्याविरुद्ध सँडर्स यांनी ५५ च्या ५५ जिंकल्या. कोळशाच्या खाणींचे हे राज्य आठ वर्षांत समाजवादी झाले असे मानायचे का? मध्ये २०१२ साली, समोर विद्यमान अध्यक्ष ओबामा असताना, टेक्सासच्या तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या एका कैद्याला तिथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे ४१ टक्के मते मिळाली होती, हे लक्षात घेतले की उत्तर मिळते. आजोबांच्या काळापासून डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेला, पण पक्षावर केव्हापासूनच नाराज असलेला मतदार प्रायमरीत जो कोणी पक्षश्रेष्ठींच्या विरोधात उभा असेल त्याला मत देत होता. २०१६ च्या नोव्हेंबरात त्या पंचावन्नही काउंट्या ट्रम्प यांच्याकडे गेल्या. अशा राज्याच्या चौथ्या रकान्यात मी ‘निषेध’ एवढाच शब्द लिहितो.

पाचवा रकाना

हा रकाना नोव्हेंबरातल्या मतदानाचा. एप्रिलमध्ये लोक जे बोलतात ते नोव्हेंबरात करतीलच असे नाही, आणि याची मोजदाद झालेली आहे. मार्च २००८ मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारले तेव्हा क्लिंटन यांच्या २८ टक्के समर्थकांनी सांगितले की ओबामा उमेदवार झाले तर आम्ही रिपब्लिकन जॉन मॅकेन यांना मत देऊ. ७ जूनला क्लिंटन यांनी माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला, आणि नोव्हेंबरच्या एक्झिट पोलनुसार ज्या डेमोक्रॅट मतदारांना क्लिंटन हव्या होत्या त्यांच्यापैकी साधारण सहांतला एकच मॅकेन यांच्याकडे गेला. २०१६ साली सँडर्स यांना प्रायमरीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांनी नोव्हेंबरात ट्रम्प यांना मत दिले, असे मतदानोत्तर अभ्यासातून दिसले. प्रमाण २००८ पेक्षा मोठे नव्हते, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ट्रम्प यांची आघाडी अवघी ७८ हजारांच्या आसपास होती, म्हणून ते डोळ्यांत भरले. या बारा टक्क्यांत स्वतःला डेमोक्रॅट न म्हणवणारे बरेच होते. त्यांना ‘रुसलेले उदारमतवादी’ म्हणण्याआधी वेस्ट व्हर्जिनियाचा कागद पुन्हा काढून पाहावा.

पराभूत उमेदवाराने पाठिंबा कधी दिला, किती मोकळ्या मनाने दिला आणि पक्षाने नियमांत त्याला काय दिले, एवढे तीन तपशील या रकान्याच्या माथ्यावर जुलैमध्ये लिहून ठेवता येतात. सँडर्स यांनी १२ जुलै २०१६ ला न्यू हॅम्पशायरमध्ये क्लिंटन यांच्यासोबत व्यासपीठावर उभे राहून पाठिंबा दिला. त्यांच्या समर्थकांचा खरा राग सुपरडेलिगेटवर, म्हणजे कोणत्याही प्रायमरीशी बांधील नसलेल्या सातशेहून अधिक पदसिद्ध प्रतिनिधींवर होता, आणि ज्या अधिवेशनात चुरस असेल तिथे पहिल्या फेरीत त्यांना मत नसेल असा बदल पक्षाने केला तो २०१८ साली. त्याखालचे आकडे, मागच्या प्रायमरीतल्या कोणत्या गटाने कोणाला मत दिले ते, निवडणुकीनंतरचे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर भरायचे असतात, आणि त्याला पुढच्या वर्षाचा उन्हाळा उजाडतो. तोवर तो रकाना कोराच ठेवावा.